सैनिकाकडेच बंदूक नाही? अमेरिकेच्या लष्करी तळांवरच्या खाजगी शस्त्रांचा वाद नेमका काय आहे

६ ऑगस्ट २०२५ ला अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या फोर्ट स्टुअर्ट या मोठ्या लष्करी तळावर एका सार्जंटने स्वतःच्या खाजगी पिस्तुलातून आपल्याच पाच सहकाऱ्यांवर गोळ्या झाडल्या. पाचही जण वाचले. गोळ्या झाडणाऱ्याला आजूबाजूच्या सैनिकांनीच झडप घालून खाली पाडलं आणि त्यांच्या हातात तेव्हा काहीही नव्हतं. अशी बातमी आली की आपल्याकडे हमखास एक प्रश्न येतो, की अहो हे सैनिक ना, मग यांच्याकडे बंदुका कशा नाहीत?

प्रश्न रास्त आहे. ज्या देशात साधा माणूस दुकानातून पिस्तूल घेतो आणि कमरेला लावून किराणा आणायला जातो, त्या देशात सैनिक मात्र ड्युटीच्या जागी रिकाम्या हाताने असतो हे ऐकायला विचित्रच वाटतं. तिथे हा वाद दर दोन-चार वर्षांनी पेटतो, प्रत्येक गोळीबारानंतर परत पेटतो, आणि दोन्ही बाजूंचे लोक एवढ्या जोरात बोलतात की मूळ नियम काय आहे हेच कुणी सांगत नाही. म्हणून अगदी पहिल्यापासून बघूया.

आधी तळ म्हणजे काय ते समजून घेऊ

पुण्याचा कॅम्प, खडकी, देवळाली किंवा कामठी पाहिलेल्यांना थोडी कल्पना येईल, पण अमेरिकेतले तळ आकाराने फार मोठे असतात. टेक्ससमधला फोर्ट हूड दोन लाख एकरांच्या वर पसरलाय. आत रहिवासी क्वार्टर्स आहेत, शाळा, हॉस्पिटल, सुपरमार्केट, जिम, चर्च, बर्गरची दुकानं, सगळं आहे, सैनिकांच्या बायका-मुलं तिथेच राहतात आणि हजारो सिव्हिलियन लोक रोज कामाला येतात. म्हणजे अशा तळावरचा बहुतेक सैनिक बहुतेक दिवस लढत नसतो, तो ट्रक दुरुस्त करत असतो, गोदाम सांभाळत असतो, कॉम्प्युटरसमोर बसून रजेचे अर्ज निकाली काढत असतो.

आता हत्यारं दोन प्रकारची. एक सरकारी, जे फौजेने दिलेलं असतं. ते शस्त्रागारात कुलूपबंद राहतं (आपल्या फौजेत या जागेला कोत म्हणतात), ड्युटी किंवा सराव असला की सही करून काढायचं आणि काम झालं की जमा करायचं. फायरिंग रेंजवरून निघताना एकही काडतूस किंवा रिकामी पुंगळी खिशात राहिली नाही ना याची तपासणी होते, तसं तोंडाने सांगावंही लागतं. दुसरं खाजगी, म्हणजे सैनिकाने स्वतःच्या पैशाने विकत घेतलेलं. हे बाळगायला बंदी नाही, हे खूप जणांना माहीत नसतं. तळावर फॅमिली क्वार्टरमध्ये राहणारा सैनिक नोंदणी करून ते घरात ठेवू शकतो. बॅरेकमध्ये राहणाऱ्या अविवाहित पोराला मात्र ते युनिटच्या शस्त्रागारात जमा ठेवावं लागतं आणि शिकारीला वगैरे जाताना मागून घ्यावं लागतं.

म्हणजे भांडण बंदूक असण्यावरून नाहीये, भरलेलं खाजगी पिस्तूल कमरेला लावून तळावर, ऑफिसात, मेसमध्ये, बॅरेकमध्ये फिरायचं की नाही यावरून आहे.

ही बंदी नक्की कुणी घातली

अमेरिकेत सर्रास सांगितलं जातं की क्लिंटनने सैनिकांच्या बंदुका काढून घेतल्या. हे खरं नाही. संरक्षण खात्याचा मूळ आदेश २५ फेब्रुवारी १९९२ चा, तेव्हा थोरले बुश राष्ट्राध्यक्ष होते. त्या आदेशाप्रमाणे आर्मीने आपली नियमावली १९९३ च्या मार्चमध्ये काढली आणि तोवर क्लिंटन येऊन दोन महिने झाले होते, म्हणून नाव त्यांच्यावर गेलं. आदेशाचा मतलब एवढाच, की ज्यांचं कामच सुरक्षा किंवा पोलिसगिरी आहे त्यांनी हत्यार बाळगावं, बाकीच्यांना जरूर असल्याशिवाय देऊ नये. आणि १९९२ च्या आधी सगळे सैनिक पिस्तुलं लावून हिंडत होते असंही काही नव्हतं, शस्त्रागाराची पद्धत त्याच्या खूप आधीची आहे.

नंतर अमेरिकी संसदेने २०१६ च्या संरक्षण कायद्यात सांगितलं की कमांडरना अशी परवानगी देता येईल अशी व्यवस्था करा, आणि नोव्हेंबर २०१६ मध्ये संरक्षण खात्याने नवा आदेश काढला. त्यात लेफ्टनंट कर्नल किंवा त्याच्या बरोबरीच्या आणि वरच्या अधिकाऱ्याला हा अधिकार दिला, की २१ वर्षं पूर्ण झालेल्या, कायद्याने बंदूक बाळगायला पात्र असलेल्या माणसाने स्वतःच्या संरक्षणासाठी मागितली तर लेखी परवानगी द्यावी. सोबत एक महत्त्वाची अट, की यातून काही विपरीत झालं, कुणाला गोळी लागली, तर जबाबदारी वैयक्तिकरीत्या त्या माणसावर येऊ शकते, कारण हे त्याचं सरकारी काम धरलं जाणार नाही.

म्हणजे "पूर्ण बंदी आहे" हे वाक्य २०१६ नंतर तरी अर्धवटच आहे. दार उघडलं होतं, फक्त चावी कमांडरच्या हातात होती, आणि कमांडर लोकांनी ती फारशी फिरवली नाही. वॉशिंग्टनमध्ये सरकार बदललं की या नियमाचा सूर बदलतो, कधी कमांडरना सांगितलं जातं हात सैल सोडा, कधी घट्ट धरा. पण मूळ प्रश्न तोच राहतो, की कमांडरने सही करावी का.

परवानगी मागणाऱ्यांचं म्हणणं, आणि त्यात खरं किती

त्यांची बाजू नीट ऐकायला हवी कारण त्यामागे मेलेली माणसं आहेत. ५ नोव्हेंबर २००९ ला फोर्ट हूडवर एका आर्मी मेजरने, जो पेशाने मानसोपचारतज्ज्ञ होता, परदेशी पाठवणीच्या तयारीसाठी जमलेल्या सैनिकांवर गोळीबार केला, १३ जण गेले आणि तीसच्या वर जखमी झाले. पिस्तूल त्याने शेजारच्या किलीन गावातल्या दुकानातून घेतलेलं. १६ सप्टेंबर २०१३ ला वॉशिंग्टनच्या नेव्ही यार्ड या नौदलाच्या तळावर एका कंत्राटी कर्मचाऱ्याने १२ जणांना मारलं, त्याच्याकडे आत जायचा वैध पास होता. २ एप्रिल २०१४ ला परत फोर्ट हूड, तीन ठार, मारणारा तिथलाच सैनिक, त्याने शेवटी स्वतःवर गोळी झाडली. जुलै २०१५ मध्ये टेनेसीतल्या चॅटनूगा शहरात भरती कार्यालय आणि नौदलाच्या राखीव केंद्रावर हल्ला झाला, चार मरीन आणि एक नौसैनिक असे पाच गेले. डिसेंबर २०१९ मध्ये फ्लोरिडात पेन्साकोलाच्या नौदल हवाई तळावर प्रशिक्षणाला आलेल्या सौदी अधिकाऱ्याने तीन नौसैनिकांना मारलं.

ही यादी वाचली की मनात येतंच, की शेजारच्या टेबलावरच्या एकाकडे जरी पिस्तूल असतं तरी. हा विचार मूर्खपणाचा नाही. २००९ च्या घटनेनंतर संरक्षण खात्याने जो अहवाल काढला त्यात लिहिलंय की पहिला इमर्जन्सी फोन गेल्यावर २ मिनिटं ४० सेकंदांत तळावरचे पोलीस पोचले आणि त्यानंतर दीड मिनिटात हल्लेखोर जायबंदी झाला. पोलिसांच्या मानाने हे खूपच वेगवान आहे, पण तोवर दोनशेच्या वर गोळ्या सुटल्या होत्या. चार मिनिटं म्हणजे कागदावर काहीच नाही, बंद खोलीत जमिनीवर पडलेल्या माणसाला विचारा.

बंदीमुळे हल्लेखोर थांबला का, तर नाही थांबला, हेही कबूल करायला पाहिजे. गेटवर ओळखपत्र बघतात, प्रत्येक गाडीची डिकी उघडत नाहीत, रोज हजारो गाड्या आत येणार, कसं उघडणार. मग ज्याला मारायचंय तो नियम मोडून पिस्तूल आणतोच आणि जे नियम पाळतात ते रिकामे राहतात, हा त्यांचा मुद्दा इथवर खरा आहे.

आणखी एक रोजची अडचण आहे जी बाहेरच्यांना दिसत नाही. तळाबाहेर राहणारा सैनिक, समजा टेक्ससमध्ये, राज्याच्या कायद्याने पिस्तूल घेऊन गाडी चालवू शकतो, पण तळाच्या गेटवर केंद्र सरकारची हद्द सुरू होते आणि नियम बदलतो. मग तो घरून निघतानाच पिस्तूल घरी ठेवतो, म्हणजे जाता-येतानाच्या रस्त्यावरही त्याच्याकडे नसतं. एखादीला मारझोड करणाऱ्या नवऱ्याची भीती आहे, वेगळी राहते, तो वाटेत गाठेल असं तिला वाटतं, तर तिच्यासाठी ही अडचण पुस्तकी नाही. अशा माणसाने मागितलं तर कमांडरने नीट ऐकावं असं मला मनापासून वाटतं.

"गन-फ्री झोन" बघूनच हल्ला करतात म्हणे

हा दुसरा लाडका मुद्दा, की जिथे बंदुका नाहीत ती जागा हल्लेखोर शोधून काढतो. वरची यादी परत बघा. फोर्ट हूडचे दोघे, नेव्ही यार्डचा, पेन्साकोलाचा आणि २०२५ मधला फोर्ट स्टुअर्टचा, हे सगळे आतलेच लोक होते. २०१४ चा माणूस रजेवरून झालेल्या वादानंतर पिस्तूल घेऊन आला होता. ते जागा शोधत नव्हते, त्यांचा राग किंवा त्यांचं वेड त्यांच्या रोजच्या कामाच्या जागीच होतं. आणि आतला माणूस असला की एक अवघड गोष्ट होते, उद्या परवानगी सरसकट दिली तर ती त्यालाही मिळते. २००९ चा मेजर तर स्वतः डॉक्टर, हुद्द्याने मोठा, त्याचा अर्ज कुठल्या कारणाने नाकारला असता?

चॅटनूगा मात्र वेगळं. तिथे हल्लेखोर बाहेरचा होता आणि भरती कार्यालय म्हणजे रस्त्याकडेच्या दुकानांच्या रांगेतला एक गाळा, ना गेट ना पहारा. तिथल्या नौदल केंद्रात एका अधिकाऱ्याने नियम मोडून जवळ ठेवलेल्या स्वतःच्या पिस्तुलातून हल्लेखोरावर गोळ्याही झाडल्या होत्या. म्हणून मला तळ आणि अशी उघड्यावरची कार्यालयं एकाच मापाने मोजणं पटत नाही. त्या घटनेनंतर फ्लोरिडा, टेक्सस वगैरे काही राज्यांच्या गव्हर्नरांनी आपल्या नॅशनल गार्डच्या (राज्यांच्या हाताखालचं राखीव दल) भरतीवाल्यांना हत्यारं द्यायचा निर्णय घेतला, त्यात मला काही चूक दिसत नाही.

"पण ते ट्रेंड आहेत ना"

सगळ्यात जास्त ऐकू येणारा युक्तिवाद हाच. युद्धात यांच्या हातात मशीनगन देता आणि इथे साधं पिस्तूल नाही?

हॉस्पिटलचा विचार करा. तिथल्या नर्सला मॉर्फिन कसं द्यायचं, किती द्यायचं हे नीट येतं, तिच्याहून जास्त कुणाला येणार, तरी मॉर्फिन कुलपात असतं, रजिस्टरवर नोंद होते, सही लागते. तो नर्सचा अपमान नसतो. जी वस्तू इतकी जोरदार आहे ती प्रशिक्षित माणसाच्याही खिशात पडून राहू नये, लागेल तेव्हा हिशोबाने बाहेर यावी, एवढंच त्यामागे असतं. शस्त्रागार तेच करतं.

आता ट्रेनिंग म्हणजे कशाचं तेही बघा. बहुतेक सैनिकांचं ट्रेनिंग रायफलचं असतं, तेही रेंजवर, समोर कागदी किंवा प्लॅस्टिकचं लक्ष्य ठेवून, वर्षातून मोजक्या वेळा. पिस्तूल मिलिटरी पोलीस, काही अधिकारी, काही खास कामाचे लोक यांनाच मिळतं. गर्दीच्या ऑफिसात किंकाळ्या चालू असताना, पन्नास माणसं धावत असताना कोण मारतोय आणि कोण वाचवतोय हे ओळखून गोळी झाडायची हे वेगळंच कसब आहे आणि ते पोलिसांना मुद्दाम शिकवावं लागतं. लष्करी तळावर तर त्यात भर म्हणजे सगळ्यांचा गणवेश एकसारखा. २००९ चा हल्लेखोर गणवेशात होता, २०१४ चाही. दार तोडून आत आलेल्या पोलिसाला गणवेशातले चार जण पिस्तूल रोखून दिसले तर तो कुणावर झाडेल? मला हा प्रश्न सगळ्यात जास्त छळतो कारण याचं उत्तर कुठल्याच भाषणात मिळत नाही.

आणि हत्यार हिसकावलंही जातं. नेव्ही यार्डमध्ये हल्लेखोर शॉटगन घेऊन आला होता, वाटेत त्याने एका सुरक्षारक्षकाला मारलं आणि त्याचं पिस्तूल उचलून पुढे तेही वापरलं.

इराकमध्ये तर चोवीस तास जवळ असायचं

खरंय. इराक-अफगाणिस्तानात सैनिक जेवायला जातानाही हत्यार सोबत नेत. पण तिथे काय काय असायचं तेही सांगायला पाहिजे. मेसच्या दाराशी वाळूने भरलेलं पिंप असायचं, त्यात नळी धरून हत्यार रिकामं असल्याची खात्री करूनच आत जायचं. दारूला बंदी होती. प्रत्येक हत्याराचा नंबर आणि काडतुसांचा हिशोब युनिटकडे होता, सेक्शनचा सार्जंट दिवसरात्र आपल्या पोरांसोबत होता, आणि एवढं करूनही चुकून गोळी सुटायच्या घटना व्हायच्याच. टेक्ससच्या बॅरेकमधली शुक्रवारची रात्र तशी नसते. तिथे दारू आहे, प्रेमभंग आहे, कर्जाचे हप्ते आहेत, आणि सार्जंट आपल्या घरी गेलेला असतो.

हत्यार अधिकृत असलं तरी धोका संपत नाही हे हवाई बेटांवरच्या पर्ल हार्बर नौदल तळावर दिसलं. डिसेंबर २०१९ मध्ये, पेन्साकोलाच्या दोनच दिवस आधी, तिथल्या गोदीत पाणबुडीवर पहाऱ्याला असलेल्या नौसैनिकाने सरकारी हत्यारांनी दोन नागरी कामगारांना मारलं आणि मग स्वतःला. आपल्याकडे एप्रिल २०२३ मध्ये भटिंडाच्या लष्करी तळावर झोपलेले चार जवान मारले गेले, सुरुवातीला सगळ्यांना अतिरेकी हल्ला वाटला, नंतर पकडला गेला तो तिथलाच एक जवान आणि वापरली गेली ती चोरलेली इन्सास रायफल. फौज कुठलीही असो, आतल्या माणसाच्या हाती नको त्या वेळी हत्यार लागणं हीच भीती खरी निघाली.

ज्याची ब्रेकिंग न्यूज होत नाही

माझ्या मते सगळा वाद ज्या गोष्टीवर फिरायला हवा ती वेगळीच आहे आणि टीव्हीवरच्या चर्चेत ती क्वचित येते.

२०२३ या एका वर्षात अमेरिकेच्या फौजेत, राखीव दलं आणि नॅशनल गार्ड धरून, ५२३ जणांनी आत्महत्या केली, त्यातले ३६३ पूर्णवेळ सेवेतले. साधारण तीनपैकी दोघांनी बंदूक वापरली. आणि ती बंदूक बहुतेक वेळा सरकारी नव्हती, स्वतःची होती, घरातली. आता हा आकडा वरच्या हल्ल्यांच्या यादीशेजारी ठेवा. पाच मोठ्या हल्ल्यांतले १३, १२, ३, ५ आणि ३ मिळून ३६ होतात, तेही दहा वर्षांत. एकही मृत्यू लहान नाही, त्या ३६ घरांना हा हिशोब सांगायला गेलं तर त्यांना राग येईल आणि तो बरोबरच असेल, पण नियम करणाऱ्याला दोन्हीकडे बघावंच लागतं.

फौजेतला मोठा हिस्सा पंचविशीच्या आतला असतो. घरापासून लांब, पहिल्यांदाच हातात पैसा, पहिल्यांदाच तुटलेलं नातं, वर शिस्तीचा दट्ट्या. अशा वयात मरणाचा विचार येतो तो बऱ्याचदा लाटेसारखा येतो, जोरात येतो आणि ओसरतोही, कित्येकदा काही मिनिटांत. त्या मिनिटांत हाताशी काय आहे यावर सगळं ठरतं. बंदुकीने केलेला प्रयत्न दहापैकी जवळपास नऊ वेळा जीव घेतो, गोळ्या-औषधांचा बहुतेक वेळा घेत नाही. म्हणून बॅरेकमधल्या पोराचं पिस्तूल शस्त्रागारात असणं म्हणजे ते मिळवायला सही करायला जावं लागणं, समोर एका माणसाने बघणं, त्याने विचारणं की काय रे, कुठे निघालास इतक्या रात्री.

"ज्याने ठरवलंय तो करणारच"

असं आपल्याकडेही म्हणतात आणि ते चूक आहे, याचा पुरावा एका फौजेतूनच आलाय. इस्रायलमध्ये सैनिक आठवड्याच्या सुट्टीला (तिथे शुक्रवार-शनिवार) घरी जाताना रायफल सोबत नेत. आत्महत्यांचं प्रमाण बघून २००६ मध्ये तिथल्या फौजेने नियम बदलला, हत्यार तळावरच ठेवून घरी जा. पुढे झालेल्या अभ्यासात दिसलं की सैनिकांमधल्या आत्महत्या सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाल्या. कमी झाल्या त्या मुख्यतः सुट्टीच्या दिवशीच्या, आठवड्यातल्या इतर दिवसांत तसा फरक पडला नाही. म्हणजे ती पोरं रायफल नाही म्हणून दुसरा मार्ग शोधायला गेली नाहीत, ती जगली. सैनिक तेच, ताण तोच, फक्त दोन दिवस हत्यार लांब होतं. आणि हा देश काही बंदुकांना घाबरणारा नाही, तिथे धोका रोजचा आहे, तरी त्यांनी हा निर्णय घेतला.

आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेल्यांपैकी बहुतेक जण पुढे आत्महत्येने मरत नाहीत, हेही अनेक वर्षांच्या अभ्यासातून दिसलंय. वाचताना हे स्वतःबद्दल किंवा घरच्या कुणाबद्दल आहे असं वाटलं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६ आहे, मराठीत बोलता येतं.

मग घटनेतल्या हक्काचं काय

अमेरिकेच्या राज्यघटनेची दुसरी दुरुस्ती शस्त्र बाळगण्याचा हक्क देते आणि तिथल्या लोकांना तो जिवाभावाचा वाटतो, आपण लांबून त्याला हसण्यात अर्थ नाही. पण ज्या २००८ च्या हेलर खटल्यात सुप्रीम कोर्टाने हा हक्क व्यक्तीचा आहे असं ठामपणे सांगितलं, त्याच निकालात शाळा आणि सरकारी इमारती अशा संवेदनशील जागी बंदी असू शकते असंही म्हटलं. शिवाय फौजेत शिरताना माणूस बऱ्याच हक्कांवर मर्यादा मान्य करूनच शिरतो, गणवेश घालून राजकीय सभेला जाता येत नाही, केस किती वाढवायचे हेही दुसरा ठरवतो. "देशासाठी मरायला चालतो मग पिस्तुलाला का नाही" हे वाक्य टाळ्या घेतं, पण कायद्यात त्याला फारसा आधार नाही.

सेनापती काय म्हणतात तेही बघू. जनरल मार्क मिली २०१४ ला फोर्ट हूडचे प्रमुख होते, त्यांच्याच तळावर तो दुसरा गोळीबार झाला. तेव्हाही आणि २०१६ मध्ये आर्मी चीफ म्हणून सिनेटसमोरही त्यांनी सांगितलं, की तळावर खाजगी पिस्तूल लपवून बाळगू द्यावं अशी शिफारस मी करणार नाही. आपली माणसं गमावलेल्या अधिकाऱ्याचं हे मत आहे, माझ्या लेखी त्याला वजन आहे.

माझ्या मते काय व्हायला हवं

तळावर हत्यारबंद माणसं वाढवा, जरूर वाढवा, पण ती निवडलेली, तपासलेली, वर्षभर सराव करणारी असावीत, हातात सरकारी हत्यार आणि अंगावर ओळखू येईल अशी खूण. मोठ्या इमारतींत, हॉस्पिटलमध्ये, जिथे रोज शेकडो लोक जमतात तिथे अशी दोन-चार माणसं असली तर ती चार मिनिटं कमी होतील. भरती कार्यालयं आणि एकाकी केंद्रं यांना आधी द्या. वैयक्तिक धोका असलेल्याचा अर्ज कमांडरने स्वतः बोलून, एकेक करून तपासावा. बॅरेकमधल्यांसाठीच्या शस्त्रागाराच्या नियमाला मात्र हात लावू नये.

"कमांडर घाबरतात म्हणून परवानगी देत नाहीत" असं म्हणणाऱ्यांना एक गोष्ट सांगावीशी वाटते. सही करणारा कमांडर हाच उद्या त्या पोराच्या आई-वडिलांना फोन करणारा असतो. आणि कमांडरचे हात संसदेने दुसरीकडून बांधलेलेही आहेत. २०११ च्या संरक्षण कायद्यात एक कलम घातलं गेलं, की सैनिकाच्या खाजगी बंदुकीबद्दल माहिती गोळा करायची नाही. आर्मीचे उपप्रमुख राहिलेले जनरल पीटर कियारेली यांच्यासारखे अधिकारी उघडपणे म्हणाले की आत्महत्या रोखायच्या तर निदान "घरी बंदूक आहे का" एवढं तरी विचारू द्या, तेव्हा कुठे दोन वर्षांनी, जीवाला धोका दिसत असेल तर विचारता येईल एवढी सूट मिळाली.

तळावरच्या कॅन्टीन स्टोअरसारख्या सरकारी दुकानांतून बंदुका विकल्याही जातात, आपल्याकडच्या वाचकाला हे खरं वाटणार नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये आत्महत्या रोखण्यासाठी नेमलेल्या स्वतंत्र समितीने १२७ शिफारशी केल्या, त्यात या दुकानांबद्दलच्याही होत्या, त्यातल्या दोन अशा, बंदूक घेणाऱ्याचं वय किमान २५ करा आणि पैसे भरल्यावर हातात द्यायला सात दिवस थांबा. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये संरक्षणमंत्री लॉइड ऑस्टिन यांनी बऱ्याच शिफारशी मान्य केल्या, या दोन त्यात नव्हत्या. सात दिवस थांबण्याने कुणाचाही हक्क जात नाही, आणि कमरेला पिस्तूल लावू द्यावं की नाही यावर कितीही वर्षं वाद चालला तरी ही एक गोष्ट संरक्षण खात्याला आपल्या दुकानांपुरती करता येण्यासारखी आहे.